सीबीसीटीमधला आकडा किरणोपचारात चालतो, मग दंतवैद्यकात का चालत नाही?

मौखिक रोगनिदान व रेडिओलॉजी या विषयात एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोन-बीम सीटीमधल्या (सीबीसीटी) ग्रे व्हॅल्यूला, म्हणजे प्रतिमेतल्या करड्या छटेच्या आकड्याला, हाउन्सफील्ड एकक (नेहमीच्या सीटीतले मोजमाप) समजू नका आणि तिच्यावरून हाडाची घनता ठरवू नका, असे दंतवैद्यकात पहिल्या वर्षापासून बजावले जाते. किरणोपचार विभागातली मंडळी मात्र त्याच सीबीसीटीवर रुग्णाला मिळणाऱ्या डोसचे गणित करतात आणि त्यावर शोधनिबंधही लिहितात. तंत्र एकच असताना एका विभागात आकडा ग्राह्य आणि दुसऱ्यात अग्राह्य, हे कसे? आणि या विषयावर प्रबंध करायचा झाल्यास तो कसा आखावा?

मी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आहे. माझे काम मुख्यतः लिनॅकवरचे, म्हणजे किरणोपचाराच्या यंत्रावरचे, असले, तरी दंत सीबीसीटी यंत्रांच्या गुणवत्ता चाचण्यांच्या निमित्ताने दोन्हीकडचे आकडे नेहमी डोळ्यांखालून जातात. त्यामुळे आधीच सांगतो की तुमच्या प्रश्नातले एक गृहीतक दुरुस्त करावे लागेल. किरणोपचारातही सीबीसीटीचा कच्चा आकडा विश्वासार्ह नसतो. तिथे तो वापरण्यापूर्वी त्यावर बरेच संस्कार होतात आणि एवढे करूनही ज्या निर्णयासाठी तो वापरला जातो त्या निर्णयाला थोडी चूक सोसते. दंतवैद्यकात असे संस्कार बहुधा होत नाहीत आणि निर्णय तर अगदी अरुंद पट्ट्यांवर बेतलेला असतो. पुढचे सगळे विवेचन या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

दोन्ही शाखांचे मूळ एकच आहे, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. शंकूच्या आकाराच्या किरणझोताने वस्तूभोवती एकच फेरी मारून मिळालेल्या छायांवरून त्रिमितीय प्रतिमा कशी उभारावी, याचे व्यवहार्य गणित फेल्डकाम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ साली मांडले, आणि हे तिघेही फोर्ड या मोटार कंपनीच्या संशोधन विभागातले होते. आजही बहुतेक यंत्रांत हीच एफडीके पद्धत किंवा तिचा सुधारित अवतार चालतो. मात्र ती मुळात अंदाजी पद्धत आहे. वर्तुळाकार एका फेरीत पूर्ण माहिती मिळत नाही, हे टुय यांनी १९८३ मध्येच दाखवले होते. म्हणून मधल्या प्रतलापासून वर किंवा खाली जावे तशी प्रतिमा बिघडत जाते. पुढे इटलीत व्हेरोना येथील न्यूटॉम यंत्राचे वर्णन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, जपानमध्ये आराई यांच्या गटाने लहान क्षेत्राचे यंत्र १९९९ मध्ये मांडले आणि अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॅफ्रे, सीवर्डसेन आणि सहकाऱ्यांनी सपाट डिटेक्टर लिनॅकवर बसवून २००२ मध्ये किरणोपचारासाठीची सीबीसीटी दाखवून दिली. तेव्हापासून दोन्ही शाखा आपापल्या गरजांप्रमाणे वाढल्या आणि एकमेकींचे वाचन त्यांनी फारसे केले नाही.

आता आकडा बिघडतो कुठे, ते पाहू. हाउन्सफील्ड एककाची व्याख्या साधी आहे. पदार्थाचा क्षीणन गुणांक आणि पाण्याचा क्षीणन गुणांक यांतील फरकाला पाण्याच्या गुणांकाने भागून हजाराने गुणायचे, म्हणजे पाणी शून्यावर आणि हवा उणे हजारावर येते. ही व्याख्या अर्थपूर्ण ठरण्यासाठी डिटेक्टरवर पोहोचलेला प्रत्येक किरण सरळ रेषेत आलेला असला पाहिजे. नेहमीच्या मल्टिस्लाइस सीटीत किरणझोत पंख्यासारखा पातळ असतो आणि डिटेक्टरपुढे विखुरलेले किरण अडवणाऱ्या पट्ट्या असतात, म्हणून ही अट बऱ्यापैकी पाळली जाते. सीबीसीटीत झोत उंच असतो, शरीराचा मोठा भाग एकाच वेळी उजळतो आणि तिथून विखुरलेले किरण सगळीकडून डिटेक्टरवर येऊन पडतात. ओटीपोटासारख्या जाड भागात सरळ आलेल्या किरणांपेक्षा विखुरलेल्या किरणांचे प्रमाण जास्त भरू शकते, आणि अशी प्रतिमा मधोमध काळवंडून कडेला उजळ दिसते. डोके लहान असल्याने दंत सीबीसीटीत हा त्रास तुलनेने कमी असतो, पण बहुसंख्य दंत यंत्रांत विखुरलेले किरण अडवणारी जाळीही नसते.

दंतवैद्यकातला खरा खोडा दुसराच आहे. पाच बाय पाच सेंटिमीटरचे लहान क्षेत्र निवडले, तर किरण त्या क्षेत्रातूनच जातात असे नाही. ते रुग्णाचा मणका, दुसऱ्या बाजूचा जबडा, गाल आणि जीभ यांतूनही जातात, फक्त हे अवयव काही कोनांतून छायेत येतात आणि काही कोनांतून येत नाहीत. चित्रक्षेत्राबाहेरच्या या भागाला शोधनिबंधांत एक्सोमास म्हणतात. त्याने केलेले क्षीणन गणिताला कुठेतरी जिरवावे लागते आणि ते क्षेत्राच्या आतल्या आकड्यांत जिरते. परिणामी एकच हाड क्षेत्राच्या मध्यभागी एक आकडा दाखवते आणि कडेला दुसरा. पुढच्या दातांजवळचा आणि मागच्या दाढांजवळचा आकडा वेगळा येतो, त्यात हाडाचा वाटा किती आणि भूमितीचा किती हे सांगता येत नाही. यात भर म्हणून शेजारच्या दातावर मेटलची कॅप असते, दाताच्या मुळात गट्टापर्चा (रूट कॅनॉल भरण्याचा पदार्थ) असते किंवा आधीचे टायटॅनियमचे इम्प्लांट असते, आणि त्यामुळे किरणांचा वर्णपट कठीण होऊन काळे-पांढरे पट्टे उठतात.

हे कोणाच्या सांगण्यावरून मानण्याची गरज नाही, विभागातच करून पाहता येते. कोरड्या खालच्या जबड्याचा एक तुकडा घ्या, तो पाण्याच्या लहान भांड्यात ठेवून लहान क्षेत्राचा स्कॅन करा आणि दाढेखालच्या एकाच ठिकाणी चौकोन आखून सरासरी ग्रे व्हॅल्यू लिहून ठेवा. मग तोच तुकडा त्याच जागी ठेवून भांड्याच्या बाहेर, चित्रक्षेत्रात न येईल असा, मणक्याच्या जागी एखादा दाट फँटम (शरीराऐवजी वापरायचा चाचणी-ठोकळा) ठेवा आणि पुन्हा स्कॅन करा. तिसऱ्यांदा तुकडा क्षेत्राच्या कडेला सरकवा. हाड तेच, यंत्र तेच, किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअर तेच, आणि तरीही तीन वेगळे आकडे तुमच्या वहीत असतील. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी हे करायला लावतो, कारण त्यानंतर त्यांच्या प्रबंधाचा मथळा बहुधा आपोआप बदलतो.

इथे एका गोष्टीबद्दल सावध करतो. इम्प्लांट नियोजनाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये कर्सर हाडावर नेला की आकड्यापुढे हाउन्सफील्ड एककाची खूण उमटते, काहींत तर घनतेचा रंगीत नकाशाही येतो. ती खूण आली म्हणून आकडा त्या एककातला होत नाही. हवा उणे हजारावर येईल अशी मांडणी निर्मात्याने करून ठेवलेली असते, तेवढ्याने मधली मोजपट्टी सरळ होत नाही.

तर मग किरणोपचारवाले काय करतात? आधी हे लक्षात घ्यावे की लिनॅकवरच्या सीबीसीटीचे पहिले आणि मुख्य काम रुग्णाची स्थिती तपासणे हेच आहे. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, ज्याला साधारण ६० ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या डोसचे एकक) डोस ३० फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे हप्त्यांत, द्यायचा आहे, रोज सकाळी मास्क लावून टेबलावर झोपतो. उपचाराच्या झोताशी काटकोनात बसवलेली किलोव्होल्टेज ट्यूब त्याच्याभोवती फिरते आणि आलेली प्रतिमा नियोजनाच्या सीटीवर ठेवून पाहिली जाते. मानेचा दुसरा मणका तंतोतंत जुळलेला असतो, पण हनुवटी तीन-चार मिलिमीटर खाली आलेली दिसते, कारण मान किंचित मागे झुकली आहे किंवा तोंडात ठेवायचा बाइट ब्लॉक आज नीट बसलेला नाही. टेबल सरकवून ही चूक भरून निघत नाही, कारण एक हाड जुळवले की दुसरे हलते. मग तंत्रज्ञ मास्क काढतात, रुग्णाला पुन्हा नीट झोपवतात आणि पुन्हा स्कॅन घेतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात वजन उतरल्याने मास्क सैल होतो आणि गालाजवळ मास्क व त्वचा यांच्यामध्ये हवेची काळी फट दिसू लागते. या सगळ्या कामात आकड्याचा संबंधच नाही, कडा स्पष्ट दिसल्या म्हणजे पुरते.

डोसच्या गणिताचा प्रश्न येतो तो याच फटीपासून. रुग्णाची बाह्यरेषा बदलली, गाठ आक्रसली, पॅरोटिड ग्रंथी (कानाजवळच्या लाळग्रंथी) आत सरकल्या, तर मूळ नियोजन अजून लागू आहे का, हे आजच्या प्रतिमेवर डोस मोजून ठरवावे लागते. त्यासाठी कच्चा आकडा तसाच घेण्याची पद्धत नाही. काही ठिकाणी सीबीसीटीसाठी स्वतंत्र अंशांकन वक्र (आकड्यावरून घनता काढण्याचा आलेख) तयार करतात, तोही डोक्याचा वेगळा आणि ओटीपोटाचा वेगळा, कारण फँटमचा आकार बदलला की विखुरणे बदलते आणि वक्रही बदलतो. काही ठिकाणी प्रतिमेचे हवा, मऊ ऊती आणि हाड असे ठोक भाग पाडून प्रत्येकाला ठरावीक घनता देतात. ही पद्धत अगदी ओबडधोबड वाटते, पण मानेच्या वरच्या भागात ती आश्चर्यकारकरीत्या चांगली चालते. बहुतेक ठिकाणी मूळ नियोजनाची सीटी आजच्या आकारात वाकवून बसवतात, म्हणजे आकार आजचा आणि आकडे मूळ सीटीचे. अलीकडे विखुरलेल्या किरणांचे गणित करून ते वजा करण्याच्या आणि न्यूरल नेटवर्कच्या साह्याने सीबीसीटीपासून कृत्रिम सीटी तयार करण्याच्या पद्धती आल्या आहेत. हायपरसाइटसारख्या नव्या प्रणालींत वलयाकार लिनॅकवर सुमारे ६ सेकंदांत स्कॅन होतो आणि त्या प्रतिमेवर थेट डोस मोजता यावा असा निर्मात्यांचा प्रयत्न आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा आकड्यांतच पाहू, कारण इथे शब्दांपेक्षा हिशेब लवकर पटतो. समजा किरणोपचाराचा एक झोत जबड्यातून जाताना वाटेत २ सेंटिमीटर हाड लागते आणि त्या हाडाचे मूल्य सीबीसीटीत २०० एककांनी चुकले आहे. हाडाच्या पट्ट्यात २०० एककांच्या चुकीने सापेक्ष (पाण्याच्या तुलनेतली) इलेक्ट्रॉन घनता साधारण ०.१ ने चुकते. म्हणजे २ सेंटिमीटर हाडात पाण्याच्या हिशेबाने २ मिलिमीटरचा फरक पडला. मेगाव्होल्टेज किरणांमध्ये कॉम्प्टन विखुरणे (इलेक्ट्रॉनवर आदळून होणारे) प्रबळ असल्याने डोस ठरतो तो मुख्यतः या इलेक्ट्रॉन घनतेवर, आणि ६ मेगाव्होल्टच्या झोताचा डोस खोलीबरोबर दर सेंटिमीटरला साधारण ४ टक्क्यांनी उतरतो. तेव्हा २ मिलिमीटरच्या फरकाने डोस बदलला तो १ टक्क्याहूनही कमी. त्यातही झोत अनेक दिशांनी येतात आणि सगळे त्या हाडातून जात नाहीत.

हीच २०० एककांची चूक इम्प्लांटच्या प्रश्नात घेऊन या. हाडाच्या घट्टपणाच्या प्रचलित वर्गीकरणात, जे मुळात नेहमीच्या सीटीवरून बसवलेले आहे, १२५० च्या वर डी-१, ८५० ते १२५० डी-२, ३५० ते ८५० डी-३ आणि १५० ते ३५० डी-४ असे पट्टे आहेत. डी-४ हा संपूर्ण पट्टाच २०० एककांचा आहे! खरे मूल्य ३०० असलेले हाड ५०० दाखवले गेले तर ते डी-३ मध्ये जाऊन बसते, ड्रिलिंगचा क्रम बदलतो आणि लोडिंग (इम्प्लांटवर दात बसवून भार देणे) केव्हा करायचे याचा निर्णयही बदलू शकतो. बटाटे तोलायच्या काट्यावर सोने तोलू नये असे आपण म्हणतो, त्यात काट्याला दोष नसतो.

याच कारणाने किरणोपचारातही ही सूट सगळीकडे मिळत नाही. ओटीपोटात मऊ ऊतींचे मूल्य केवळ ५० एककांनी चुकले तरी १५ सेंटिमीटरच्या वाटेवर ती चूक साचून पाण्याच्या हिशेबाने साडेसात मिलिमीटर होते, म्हणजे डोसमध्ये साधारण ३ टक्के, आणि ते आम्हाला चालत नाही. प्रोटॉन उपचारात तर मघाचे २ मिलिमीटरही जड पडतात, कारण तिथे डोस हळूहळू उतरत नाही. प्रोटॉन जिथे थांबायला हवा त्याच्या २ मिलिमीटर अलीकडे किंवा पलीकडे थांबतो आणि त्या जागी पाठीचा कणा किंवा दृष्टीची नस असू शकते. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलची संस्था) केंद्रांत आता प्रोटॉन उपचार होऊ लागले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडेही केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

दंत सीबीसीटीतील ग्रे व्हॅल्यू आणि सीटीतील हाउन्सफील्ड एकक यांच्यात चांगला संबंध आहे असे सांगणारे निबंध तुम्ही वाचले असतील आणि ते खोटे नाहीत. अडचण त्यांच्या संख्याशास्त्रात आहे. नमुन्यात हवा, मऊ ऊती, विरळ हाड, घट्ट हाड आणि इनॅमल असे सगळे घेतले तर सहसंबंध गुणांक ०.९ च्या पुढे जाणारच, कारण व्याप्तीच प्रचंड आहे. सहसंबंध म्हणजे एकवाक्यता नव्हे, हे ब्लांड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये इतके स्वच्छ सांगून ठेवले आहे की त्यानंतर केवळ सहसंबंध गुणांकावर थांबणाऱ्या निबंधाला सबब उरत नाही. तुम्हाला हवा असलेला प्रश्न असा आहे: एकाच व्यक्तीच्या एकाच जागी दोन पद्धतींनी मोजलेल्या आकड्यांतला फरक किती, तो किती पसरलेला आहे आणि ती पसरण वर्गीकरणाच्या पट्ट्यापेक्षा लहान आहे का? पाउवेल्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या साहित्याचा आढावा घेताना परिमाणात्मक ग्रे व्हॅल्यूंचा वापर टाळावा आणि हाडाच्या रचनेकडे लक्ष द्यावे अशीच दिशा दाखवली होती. रचनेबाबतही एक अडचण आहे. हाडाच्या जाळीतील काड्यांची जाडी ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि व्हॉक्सेल (त्रिमितीय प्रतिमेचा सर्वांत लहान घन) ०.१ मिलिमीटरचा असला तरी रुग्ण श्वास घेतो, गिळतो, किंचित हलतो, म्हणून प्रत्यक्षात दिसणारा तपशील व्हॉक्सेलच्या आकारापेक्षा ढोबळच असतो.

कृत्रिम सीटीच्या निबंधांबद्दलही असाच इशारा द्यावासा वाटतो. त्यांत बहुधा संपूर्ण शरीरावरची सरासरी चूक छापलेली असते आणि ती छान लहान दिसते, कारण शरीराचा बहुतेक भाग मऊ ऊतींचा असतो. हाडातली चूक वेगळी छापली आहे का, हे आधी पाहावे. शिवाय नेटवर्क जे शिकले तेच रंगवते. मलाशयात आज वायूचा मोठा फुगा असेल आणि शिकवणीत तसे रुग्ण थोडे असतील, तर ते तिथे मऊ ऊती भरून मोकळे होऊ शकते, आणि चित्र इतके स्वच्छ येते की संशय घ्यायला जागा राहत नाही. दंतवैद्यकातल्या धातू-छटा (धातूमुळे उठणारे पट्टे) घालवणाऱ्या अल्गोरिदमचीही अशीच कथा आहे. चित्र नेटके होते, पण मुळाचा उभा तडा ओळखण्यात त्याने सुधारणा होते का, हे तपासणाऱ्या अनेक अभ्यासांत सुधारणा दिसली नाही आणि काहींत अचूकता उलट घटली.

इथून तुमच्या प्रबंधाकडे वळतो. निदानात्मक प्रतिमांची उपयुक्तता मोजण्यासाठी फ्रायबॅक आणि थॉर्नबरी यांनी १९९१ मध्ये सहा पायऱ्या मांडल्या: तांत्रिक गुणवत्ता, निदानाची अचूकता, वैद्याच्या विचारात पडणारा फरक, उपचारात पडणारा फरक, रुग्णाला झालेला लाभ आणि समाजाला झालेला लाभ. सीबीसीटीवरचे बहुसंख्य प्रबंध पहिल्या दोन पायऱ्यांवर घुटमळतात. वर चढले की चित्र कसे बदलते, याचे उत्तम उदाहरण अक्कलदाढेचे आहे. खालच्या जबड्यातील नस आणि दाढेची मुळे यांचे नाते ओपीजीपेक्षा (संपूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे) सीबीसीटीत अधिक स्पष्ट दिसते, यात वाद नाही. पण रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून दाढ काढल्यानंतरची ओठाची बधिरता मोजली, तेव्हा सीबीसीटी केलेल्या गटात ती कमी झाल्याचे आढळले नाही. याचा अर्थ सीबीसीटी निरुपयोगी आहे असा नाही, सरसकट प्रत्येक अक्कलदाढेला ती मागू नये एवढाच आहे. किरणोपचारातही असा धक्का बसलेला आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रोज प्रतिमा घ्यावी की आठवड्यातून एकदा, याची ४७० रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. रोजच्या गटात पीएसएवरून (प्रोस्टेटच्या रक्तचाचणीवरून) दिसणारी रोगवाढ आणि मलाशयाचा त्रास कमी होता, पण एकूण जिवंत राहण्याचे प्रमाण मात्र अनपेक्षितपणे कमी निघाले आणि त्याचा समाधानकारक उलगडा झालेला नाही. त्यावरून कोणी रोजची प्रतिमा बंद केलेली नाही, आणि करूही नये असे माझे मत आहे. तरीही प्रतिमा जास्त म्हणजे हित जास्त, हे समीकरण गृहीत धरून चालत नाही.

डोसबद्दल थोडक्यात सांगतो, कारण नीतिमत्ता समिती तो विचारणारच. लुडलो आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या एकत्रित विश्लेषणात प्रौढांसाठी प्रभावी डोसची सरासरी मोठ्या क्षेत्राला २१२, मध्यमला १७७ आणि लहानला ८४ मायक्रोसीव्हर्ट आली, पण लहान क्षेत्रातच ५ पासून ६५२ पर्यंतचा पसारा होता. त्यामुळे सरासरीपेक्षा तुमच्या यंत्राचा, तुमच्या प्रोटोकॉलचा आकडा महत्त्वाचा आहे. तुलनेसाठी, नैसर्गिक पार्श्वभूमीचा जागतिक सरासरी डोस वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. किरणोपचारात डोक्याच्या एका सीबीसीटीचा डोस सहसा काही मिलिग्रे असतो, म्हणजे तीस दिवसांचा मिळूनही ६० ग्रेपुढे नगण्यच. प्रतिमांचा एकूण डोस उपचाराच्या डोसच्या ५ टक्क्यांपुढे जाणार असेल तर तो हिशेबात धरावा, अशी अमेरिकी वैद्यकीय भौतिकशास्त्र संघटनेच्या टीजी-१८० या अहवालाची शिफारस आहे. ही सवलत दंत रुग्णाला लागू होत नाही. त्याला उपचाराचा डोस मिळणारच नसतो आणि इम्प्लांटचा किंवा ऑर्थोचा (दात सरळ करून घेणारा) रुग्ण तर निरोगीच असतो. म्हणून केवळ तुलनेसाठी एकाच रुग्णाचे दोन स्कॅन घेण्याचा आराखडा समितीपुढे नेऊच नका. कोरडे जबडे घ्या, त्यांना पाणी किंवा मेणाचे आवरण द्या, कारण मऊ ऊतींशिवाय मिळालेली प्रतिमा वास्तवापेक्षा चांगली येते. यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीतील नोंद आणि अलीकडची गुणवत्ता चाचणी यांची प्रतही अर्जाला जोडा.

विषय कोणता घ्यावा याबद्दल माझा कल सांगतो. ग्रे व्हॅल्यू आणि इम्प्लांटची प्राथमिक स्थिरता यांचा सहसंबंध हा विषय आता सोडून द्यावा, त्यात नवे काही उरलेले नाही. तुमच्या विभागात एखाद्या ठरावीक कामासाठी, उदाहरणार्थ वरच्या पहिल्या दाढेतील दुसरा मेसिओबकल कॅनॉल (मुळातली सहज न दिसणारी जादा नळी) शोधण्यासाठी, डोस किती खाली आणता येतो हा साधा पण उपयोगी विषय आहे. दोन निरीक्षकांनी प्रोटोकॉल न कळता वाचन करावे, काही आठवड्यांनी पुन्हा करावे आणि खरे-खोटे मायक्रो-सीटीवरून किंवा दात कापून ठरवावे.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा विषय मात्र दोन्ही विभागांच्या सीमेवरचा आहे. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. किरणोपचार झालेले हे रुग्ण दोन-तीन वर्षांनी दुखरी दाढ घेऊन तुमच्याच ओपीडीत येतात आणि ती दाढ काढावी की नाही हे ठरवताना केस पेपरवर फक्त ६० ग्रे एवढेच लिहिलेले असते. तो गाठीच्या जागेचा डोस असतो, त्या दाढेच्या हाडाला किती मिळाला हे त्यावरून कळत नाही. उपचार उजव्या बाजूचा असेल तर डाव्या दाढेला त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळालेला असू शकतो. हाडाला मिळालेला डोस ६० ग्रेच्या पुढे गेला की ऑस्टिओरेडिओनेक्रोसिसचा (किरणांमुळे हाड मृत होण्याचा) धोका लक्षणीय वाढतो, म्हणून दातागणिक आकडा हाती असणे हा निर्णय बदलणारा तपशील आहे.

नियोजनाच्या सीटीवरचा डोस तुमच्या सीबीसीटीवर उतरवता येतो. यात ग्रे व्हॅल्यू लागत नाही, भूमिती लागते, आणि भूमिती हे सीबीसीटीचे बलस्थान आहे. पण संपूर्ण डोके एकदम जुळवू नका. नियोजनाच्या वेळी तोंडात बाइट ब्लॉक होता, तुमच्याकडे रुग्णाने दातांत काडी धरली होती, त्यामुळे वरचा आणि खालचा जबडा यांचे परस्परस्थान वेगळे आहे. खालचा जबडा वेगळा कापून केवळ त्यावर जुळणी करा, मग खालची कडा, मेंटल फोरामेन (हनुवटीजवळचे नसेचे छिद्र) आणि शिल्लक मुळे यांवर ती डोळ्यांनी तपासा. शस्त्रक्रियेत हाडाचा तुकडा काढून प्लेट बसवली असेल, तर प्लेटच्या दोन्ही बाजूंची जुळणी स्वतंत्रपणे करावी लागेल. पहिले काही रुग्ण केवळ जुळणीची पुनरावृत्ती मोजण्यासाठी वापरा: दोघांनी, प्रत्येकी दोनदा जुळवायचे आणि फरक मिलिमीटरमध्ये नोंदवण्याबरोबरच त्यामुळे प्रत्येक दाताच्या जागेचा डोस किती ग्रेने बदलला तेही नोंदवायचे. जिथे डोसचा उतार तीव्र असतो तिथे २ मिलिमीटरची चूक मोठी ठरते आणि सपाट भागात तिचे काही वाटत नाही, हे त्या तक्त्यात स्पष्ट दिसेल. नियोजनाच्या सीटीत दातांतल्या धातूचे पट्टे आले असतील, तर तिथे भौतिकशास्त्रज्ञाने घनता हाताने बदलली होती का, तेही विचारून घ्या.

यासाठी किरणोपचार विभागाकडून नियोजनाची सीटी, आखलेल्या अवयवांची फाइल आणि डोसची फाइल अशा तीन गोष्टी डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित) स्वरूपात मागाव्या लागतील. जुने प्लॅन संग्रहात टाकलेले असतात आणि ते परत उघडून निर्यात करायला विभागाला वेळ लागतो. म्हणून सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) सादर करण्याआधीच तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाला भेटा, आणि किती वर्षांपूर्वीपर्यंतचे प्लॅन डोसच्या फाइलसकट मिळू शकतील हे लेखी घेऊन मगच रुग्णसंख्या ठरवा.